‘सस्पिरिया’ पाहिलात, पण ऐकलात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्रांनी डोक्यावर घेतलेला ‘सस्पिरिया’, दारिओ अर्जेंतोचा १९७७ चा भयपट, अखेर पाहिला. गोष्टीला शेंडा ना बुडखा, ओठ एक हलतात आणि ऐकू दुसरंच येतं, रक्त तर सरळ ऑइलपेंट. मग या जुन्या इटालियन भयपटांवर लोक इतका जीव का टाकतात? की मलाच काही कळत नाही? आणि पुढे आणखी एखादा पाहायचाच असेल तर कुठला पाहू, कारण बायकोला रक्त बघवत नाही.

आधी एक सांगतो, तुम्हाला नीट कळलंय. तुम्ही मोजलेले तिन्ही दोष खरे आहेत आणि या चित्रपटांचे चाहतेही ते नाकारत नाहीत. मी काही समीक्षक नाही. गेली २७ वर्षं मुंबईत साउंड एडिटिंग आणि मिक्सिंग करतो. सिनेमे, मालिका, जाहिराती, येईल ते. त्यामुळे माझं उत्तर डोळ्यांपेक्षा कानांच्या बाजूने येईल आणि त्यात माझी आवडनिवडही मिसळलेली असेल, हे धरून चला.

माझ्या मते अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. आपण ज्या भुताच्या गोष्टींवर वाढलो, त्या वळणाचे हे चित्रपट नाहीत. आपल्याकडचं भूत नियमाने वागतं. मुंजा का झाला, तर मुंज झाली आणि सोडमुंजीआधीच पोरगा गेला. हडळीला कारण असतं, खविसाला कारण असतं. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, उतारासुद्धा ठरलेला. नारायण धारपांच्या समर्थकथा वाचून डोक्यावरून पांघरूण ओढून झोपलेल्या मंडळींना हे पक्कं ठाऊक आहे की अघोरी शक्ती कितीही मोठी असली तरी तिचे काही कायदे असतात, आणि ते कायदे जाणणारा एक माणूस वेळेवर येतो. तुम्ही ‘सस्पिरिया’कडे तीच अपेक्षा घेऊन गेलात. या चेटकिणींना नेमकं हवंय काय? नृत्यशाळा चालवायची आणि त्यातल्याच मुली मारायच्या, हा काय उद्योग? उत्तर मिळालं नाही, चिडलात. मीही पहिल्यांदा चिडलो होतो.

पण आपल्याकडेही एक प्रकार असा आहे, ज्याला कारणबिरण काही नाही. चकवा. माझं आजोळ राजापूरकडचं. आजी सांगायची की चकवा लागला की माणूस आपल्याच पायाखालच्या वाटेवर रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येऊन उभा राहतो. तो चकवा कुणाचं भूत, कशाचा सूड घेतोय, असं कुणी विचारत नसे. मी विचारलं तर आजी म्हणाली होती, ‘‘चकवा म्हणजे चकवा. उजाडेपर्यंत गप बसून राह्यचं.’’ या इटालियन चित्रपटांत जे काही अस्सल आहे, ते सगळं या चकव्याच्या जातीचं आहे, असं मला वाटतं. बाकी खून, चेटकिणी, नरकाचे सात दरवाजे वगैरे म्हणजे आपल्याला त्या वाटेवर नेऊन सोडण्यापुरती केलेली सोय.

आता ते ओठांचं. हा माझ्या धंद्याचा भाग, म्हणून जरा जास्त बोलतो.

इटलीत त्या काळी सेटवरचा आवाज शेवटच्या प्रिंटमध्ये वापरायची पद्धतच नव्हती. मुसोलिनीच्या राजवटीत परदेशी चित्रपट इटालियनमध्ये डब करूनच दाखवायची सक्ती झाली. त्यातून डबिंगचा मोठा धंदा उभा राहिला, त्यात मुरलेले आवाज तयार झाले, आणि मग स्वतःचे चित्रपटही तसेच बनू लागले. सेटवर एक नट इंग्रजीत बोलतोय, समोरची नटी इटालियनमध्ये उत्तर देतेय, तिसरा जर्मनमध्ये, हे रोजचं. फेलिनीसारखा नावाजलेला दिग्दर्शकसुद्धा नटांना संवादांच्या जागी आकडे मोजायला लावायचा, शब्द नंतर बसवू म्हणून. म्हणजे हा प्रकार केवळ स्वस्तातल्या भुताखेतांच्या सिनेमांपुरता नव्हता.

तुम्ही म्हणाल, डबिंग तर आपल्याकडेही होतं. होतंच. मी धंद्यात आलो तेव्हा शूटिंगला ॲरीचा टूसी कॅमेरा सर्रास असायचा आणि तो शिलाई मशीनसारखा खडखडायचा. सेटवरचा आवाज म्हणजे फक्त पायलट ट्रॅक, नंतर डबिंगला ऐकायला. २००१ मध्ये ‘लगान’ सिंक साउंडवर, म्हणजे सेटवरच रेकॉर्ड केलेल्या आवाजावर आला, त्यानंतर हळूहळू हवा बदलली. मग आपले तेव्हाचे सिनेमे का नाही स्वप्नासारखे वाटत? माझं उत्तर असं की आपण भोकं बुजवतो. हिरो बहुधा स्वतःचाच आवाज डब करतो, त्यामुळे माणूस आणि आवाज एकच राहतात, आणि जिथे काही नसेल तिथे आपण व्हायोलिन घालतो. इटालियन लोकांनी भोकं बुजवली नाहीत. कधी पैसे नव्हते म्हणून, कधी वेळ नव्हता म्हणून, आणि त्यांच्यातल्या दोघा-तिघांना कळलं होतं की भोक हीच गंमत आहे, म्हणून.

हे भोक म्हणजे काय ते सांगतो. सिंक साउंडच्या सेटवर सीन संपला की रेकॉर्डिस्ट ओरडतो, ‘‘रूम टोन!’’ मग सगळ्यांनी अर्धा-एक मिनिट गप्प उभं राहायचं. युनिट चुळबूळ करतं, कुणाला तरी नेमकी खोकल्याची उबळ येते. तो रेकॉर्ड करत असतो ती रिकाम्या खोलीची शांतता, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पंख्याची घरघर, रस्त्याचा दूरचा गुंजारव, भिंतींचा आपला एक स्वभाव. दोन वाक्यांच्या मध्ये आम्ही ती शांतता अंथरतो. तुमच्या लक्षातही येत नाही, पण ती नसेल तर मेंदूला लगेच कळतं की इथे काहीतरी चुकतंय. ‘सस्पिरिया’त दोन मुली बोलत असतात, बोलणं थांबतं, आणि त्यासरशी खोलीच नाहीशी होते. माणसं आहेत, भिंती आहेत, पण त्या जागेत हवा नाही. स्वप्नात असंच होतं. आपल्या स्वप्नात कधी कुणाला पंख्याचा आवाज आलाय?

याचा धडा मला फार उशिरा मिळाला. काही वर्षांपूर्वी एका मराठी मालिकेचा भुताचा भाग माझ्याकडे आला होता. जुना वाडा, रात्र, सून माजघरातून परसदाराकडे जाते. मी मन लावून काम केलं. रातकिडे, लांबचं कुत्रं, कौलांवर सरकणारं काहीतरी, वाऱ्यावर हलणारी कडी. झकास भरगच्च ट्रॅक झाला. दिग्दर्शिकेने ऐकला आणि म्हणाली, ‘‘दादा, हा वाडा अगदी माझ्या मामाचा वाटतोय. मला तिथे झोप येईल.’’ मग आम्ही एकेक आवाज काढत गेलो. कुत्रं गेलं, रातकिडे गेले, शेवटी खोलीचा टोनसुद्धा काढला. उरली ती फक्त बांगड्यांची किणकिण आणि पावलं. पावलांनाही मी जराशी ओढ दिली, म्हणजे पाय टेकल्यावर किंचित उशिराने आवाज. माझ्या असिस्टंटने हेडफोन काढून ठेवले. असले खेळ इटालियन लोक पन्नास वर्षांपूर्वी करून बसलेत, काही मुद्दाम आणि काही अपघाताने.

मुद्दाम केलेलं पाहायचं असेल तर ‘सस्पिरिया’ची पहिली पाच मिनिटं पुन्हा लावा. हेडफोन घालून. नायिका सुझी विमानतळावरून बाहेर पडतेय. आत नेहमीचा विमानतळाचा गलबला. समोर आपोआप उघडणारं काचेचं दार. ते उघडतं, बाहेरून वारा येतो, आणि वाऱ्याबरोबर गॉब्लिन बँडची ती खेळण्यातल्या पेटीसारखी धून आत येते. दार बंद झालं की धून गायब. पुन्हा उघडलं, पुन्हा धून. म्हणजे संगीत सिनेमाच्या वर वाजत नाहीये, ते बाहेर त्या पावसात उभं आहे आणि सुझी आपल्या पायांनी त्याच्यात चालत जातेय. मध्येच अर्जेंतो त्या दाराच्या यंत्राचा क्लोजअप दाखवतो. कथेला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण इथून पुढे परतीचं दार नाही, हे तुमच्या अंगाला कळतं. पटकथा अजून सुरूही झालेली नाही.

आणि लगेच पुढचा प्रसंग. सुझी टॅक्सीने शाळेच्या दाराशी पोचते, तेवढ्यात एक मुलगी आतून धावत बाहेर येते, दारात कुणाला तरी काही ओरडून सांगते आणि पावसात पळून जाते. काय सांगते? गडगडाटात ऐकूच येत नाही, एक-दोन शब्द सोडले तर. आता माझ्यासारख्या माणसाचं आयुष्य ‘डायलॉग क्लिअर नाहीये’ हे ऐकण्यात गेलंय. इथे त्या माणसाने महत्त्वाचा संवाद जाणूनबुजून ढगाखाली पुरला, आणि सगळा चित्रपट ते अर्धवट शब्द आठवण्यावर उभा केला. शेवटी ‘आयरिस’ हा शब्द जुळतो, भिंतीवरचं निळं फूल फिरवलं जातं, दार उघडतं. तुम्ही म्हणता गोष्टीला बुडखा नाही, पण बुडखा आहे. तो तुमच्या कानावर पडला होता, एवढंच.

त्यातल्या संगीताबद्दल एक धंद्यातली गोष्ट. गॉब्लिनचं बरंचसं संगीत शूटिंगच्या आधीच तयार होतं, आणि अर्जेंतो ते सेटवर मोठमोठ्याने वाजवायचा, नटांवर परिणाम व्हावा म्हणून. हे करता आलं, कारण सेटवरचा आवाज वापरायचाच नव्हता. सिंक साउंडच्या सेटवर असलं काही केलं तर रेकॉर्डिस्ट राजीनामा देईल. म्हणजे ज्या पद्धतीमुळे तुम्हाला ओठ खटकले, त्याच पद्धतीमुळे त्या मुलींच्या चेहऱ्यावर ती भेदरलेली लकाकी आलीय. एक हवी तर दुसरी घ्यावी लागते. आणखी एक गंमत: त्या वाद्यवृंदात ग्रीक बुझुकी आहे आणि चक्क आपला तबलाही आहे. मी कित्येक वर्षं तो ऐकत होतो आणि ओळखला नव्हता, कारण ते बोल कुठल्याच घराण्यात बसणारे नाहीत.

रक्ताचं आणि रंगांचं लवकर उरकतो. ते मुद्दाम आहे. कॅमेरामन लुचानो तोवोलीला अर्जेंतोने नमुना म्हणून दाखवला तो डिस्नेचा १९३७ चा ‘स्नो व्हाइट’. नटांच्या अगदी जवळ रंगीत मखमल आणि कागदाच्या चौकटी लावून त्यातून प्रखर आर्क दिव्यांचा उजेड टाकला, आणि १९७७ मध्ये जवळपास मोडीत निघालेल्या टेक्निकलरच्या डाय ट्रान्स्फर पद्धतीने प्रिंट काढल्या. या पद्धतीत पिवळा, निळसर आणि किरमिजी रंग तीन वेगवेगळ्या साच्यांवरून एकावर एक फिल्मवर चढवतात. रविवर्मा प्रेसची जुनी चित्रं एकेका रंगाच्या वेगळ्या दगडावरून छापत, तसलंच काहीसं. म्हणून तो लाल रंग जखमेतला वाटत नाही, कॅलेंडरवरचा वाटतो. अर्जेंतोला मुळात नायिका आठ-दहा वर्षांच्या मुली हव्या होत्या. इतक्या लहान मुलींवर असले प्रसंग कोण दाखवू देणार? मग नट्या मोठ्या घेतल्या, पण संवाद पोरकटच ठेवले आणि दारांच्या मुठी उंच बसवल्या, म्हणजे मोठ्या बाईलाही हात वर करून दार उघडावं लागावं. हे कळल्यावर तो चित्रपट पुन्हा पाहा, सगळ्याजणी एकदम लहान दिसायला लागतात.

पण खरा चकवा पाहायचा तर अर्जेंतोच्या मागे जावं लागतं, मारिओ बाव्हाकडे. हा माझा सर्वात लाडका, कारण हा मुळात कारागीर. बाप ट्रिक फोटोग्राफीतला, हा स्वतः कॅमेरामन, दिग्दर्शक झाला तो चाळिशी उलटल्यावर. १९५७ चा ‘इ वाम्पिरी’ रिकार्दो फ्रेदाने अर्ध्यात सोडला आणि बाव्हाने पुरा केला. त्यात एक देखणी बाई कट न घेता डोळ्यांदेखत म्हातारी होते. चित्रपट कृष्णधवल. सुरकुत्या रंगीत मेकअपने आधीच काढलेल्या. त्याच रंगाच्या उजेडात त्या दिसत नाहीत, उजेडाचा रंग पालटला की वर येतात. खर्च एका फिल्टरचा. १९६५ मध्ये त्याने एक अख्खा परग्रह उभा केला तो, त्याच्याच म्हणण्यानुसार, दुसऱ्या सेटवरून उरलेले दोन प्लास्टिकचे खडक, आरसे आणि धूर एवढ्यावर. आपल्याकडच्या कुठल्याही आर्ट डायरेक्टरने या माणसाचा फोटो लावून उदबत्ती ओवाळावी.

त्याच बाव्हाचा १९६६ चा ‘ऑपेरात्सिओने पाउरा’, इंग्रजीत ‘किल, बेबी... किल!’ असं अगदीच चुकीचं नाव दिलेला. खेड्यात एक लहान मुलगी चेंडू घेऊन दिसते आणि ज्याला दिसते तो मरतो. एका प्रसंगात डॉक्टर कुणाच्या तरी मागे धावतोय. खोलीत शिरतो, पलीकडच्या दाराने बाहेर पडतो, तर पुन्हा तीच खोली. पुन्हा धावतो. पुन्हा तीच भिंत, तेच चित्र. पुढे पळणारा माणूस दर फेरीला थोडा जवळ येतो. शेवटी डॉक्टर त्याचा खांदा पकडतो, तो वळतो, आणि तो डॉक्टरच असतो. याचं स्पष्टीकरण चित्रपट देत नाही, पुढे त्याचा उल्लेखही करत नाही. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आजोळचा तो आंबा आठवला. फेलिनीने दोनच वर्षांनी आपल्या एका लघुपटात चेंडूवाली मुलगी आणली, ती कुठून आली हे सांगायला नको.

लुचिओ फुल्ची हा तिसरा, आणि याच्याबाबत मी जपून शिफारस करतो. ‘द बियाँड’ (१९८१). लुइझियानातलं पडकं हॉटेल एका बाईला वारशात मिळतं, त्याच्या तळघरात नरकाचा एक दरवाजा. मी हा पहिल्यांदा पाहिला तो डोंबिवलीतल्या एका व्हिडिओ लायब्ररीच्या कॅसेटवर. वेगळंच नाव, कापलेला, त्यात कुणीतरी मध्येच लग्नाची पाच मिनिटं रेकॉर्ड करून ठेवलेली. तरी दोन गोष्टी डोक्यातून गेल्या नाहीत. एक, पाण्यावरचा न संपणारा सरळ पूल, गाडी करकचून थांबते, आणि रस्त्याच्या मध्यभागी एक आंधळी मुलगी कुत्रा घेऊन उभी. ती तिथे आलीच कशी, दोन्ही बाजूंना मैलोनमैल पाणी! दोन, शेवट. दोघं इस्पितळात जीव वाचवायला जिना उतरून पळतात आणि पोचतात ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या त्या हॉटेलच्या तळघरात. तिथून पुढे धुकं, धूळ, पडलेली प्रेतं, आणि ज्या दिशेने धावावं तिथे तेच. फुल्ची स्वतःच सांगायचा की याला कथानक नाही. त्याच चित्रपटात एक कोळ्यांचा प्रसंग आहे, खऱ्या कोळ्यांत मिसळलेले खोटे कोळी स्पष्ट दिसतात आणि तो लांबतच जातो. नायक एका ठिकाणी पिस्तुलाच्या नळीतून गोळ्या भरतो. हसू येतं, यावंच. या चित्रपटांत दोन वाईट प्रसंगांच्या मध्ये एखादा असा सापडतो की जन्मभर पुरतो. ज्याला सलग चांगलं हवंय, त्याने इथे येऊ नये असं मी सरळ सांगतो.

मग हे ‘कल्ट’ झाले कसे, हाही तुमच्या प्रश्नात दडलेला भाग आहे. थोडं श्रेय बंदीला. बाव्हाचा ‘ब्लॅक संडे’ (१९६०) ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत बंद होता. पुढे तिथे १९८०च्या दशकात व्हिडिओ कॅसेटींवरून गदारोळ झाला, सरकारी वकिलांनी आक्षेपार्ह चित्रपटांची यादी काढली, त्यात फुल्ची, अर्जेंतो, बाव्हा सगळे. पोरांना तयार यादीच मिळाली! शिवाय प्रत्येक देशात वेगळी कापलेली प्रत, वेगळं नाव, वेगळी भाषा. त्यामुळे ‘मी पुरा पाहिलाय’ याला भाव आला. हे कौतुक थोडं संग्राहकांचं आहे, आणि तुमच्या मित्रांच्या उत्साहातही त्याचा वाटा असू शकतो. तो वजा करून पाहा.

तुम्हाला हे आवडेल का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. ज्यांना कोडं सुटण्यात मजा येते, त्यांना बहुधा नाही आवडत. फोनवर, दिवसा, अधूनमधून मेसेज पाहत बघितलात तर शून्य मिळेल, कारण यात माहिती कमी आणि वातावरण जास्त. आणि एक गोष्ट मला स्वतःलाही खुपते. बायकांचे खून फार हौसेने, फार सजवून चित्रित केलेत, आणि पडद्यावरचे मारेकऱ्याचे हातमोज्यातले हात पुष्कळदा अर्जेंतोचे स्वतःचेच असतात. त्यावर चाहते बरीच पोपटपंची करतात, मला पटत नाही. माझी बहीण एकदा अर्जेंतोचा ‘टेनेब्रे’ अर्ध्यात सोडून उठून गेली, आणि तिला थांबवायला माझ्याकडे काही मुद्दा नव्हता.

तेव्हा वहिनींबरोबर पाहायचं असेल तर ‘द बियाँड’ नको, अर्जेंतोचा ‘प्रोफोंदो रोस्सो’ (१९७५) ही नको. तो तुम्ही एकट्याने पाहा, आणि पहिल्या खुनानंतर नायक मृत बाईच्या फ्लॅटमध्ये शिरतो तेव्हा त्या चित्रांच्या बोळात डोळे उघडे ठेवा. मारेकरी तुम्हाला तिथेच दिसतो. दिसतो आणि ओळखू येत नाही. पुढचे दोन तास नायक ‘मी काय पाहिलं होतं’ म्हणून डोकं खाजवतो, आणि तुमच्यावरही तीच पाळी. हा इटालियन भाषेतच पाहा. इंग्रजी प्रत बरीच कापली होती, त्यामुळे पुऱ्या प्रतीत इंग्रजी ट्रॅक लावला तर माणसं वाक्यावाक्याला इंग्रजीतून इटालियनमध्ये उड्या मारतात. ‘सस्पिरिया’चं उलट: सुझी झालेली जेसिका हार्पर सेटवर इंग्रजीतच बोलली आहे आणि इंग्रजी ट्रॅकवर आवाज तिचा स्वतःचा आहे, म्हणून तो इंग्रजीत. २०१८ ची त्याची नवी आवृत्ती वेगळ्या दिवशी. त्यात सगळं समजावून सांगितलंय, रंगही धुऊन काढलेत. वाईट नाही, पण माझ्या कानाला ती दुसऱ्याच घराण्याची.

दोघांनी मिळून पाहायला बाव्हाचा ‘ब्लॅक सॅबथ’ (१९६३). तीन वेगळ्या कथा आहेत, तुम्ही सुरुवात तिसरीपासून करा, ‘पाण्याचा थेंब’. रक्त नाही म्हटलं तरी चालेल. एक नर्स मेलेल्या बाईला कपडे चढवायला जाते आणि तिच्या बोटातली अंगठी ढापते. पेला कलंडतो, पाणी ठिबकू लागतं. एक माशी येऊन त्या मोकळ्या बोटावर बसते. नर्स घरी येते, आणि ठिबकणं तिच्या मागोमाग घरात आलेलं असतं. कुठून ठिबकतंय ते ती शोधत फिरते, खिडकीबाहेर जांभळा-हिरवा उजेड लुकलुकतोय, एवढंच. माशीची गुणगुण आणि थेंब, या दोन आवाजांवर त्याने घर उभं केलंय, आणि मी हे शिकवायला असिस्टंटना दाखवतो.

प्रत मात्र इटालियन बघून घ्या. अमेरिकन वितरकांनी कथांचा क्रम बदलला, रोबेर्तो निकोलोझीचं संगीत काढून लेस बॅक्स्टरचं घातलं, आणि शेवट कापला. ओळखायची खूण सांगतो. इटालियन प्रतीत अगदी शेवटी नट बोरिस कार्लोफ पिशाच्चाच्या वेशात घोडा दौडवत तुमच्याशी बोलतो, आणि मग कॅमेरा मागे मागे सरकत जातो. घोडा खोटा निघतो, आणि सेटवरची माणसं हातात झाडाच्या फांद्या घेऊन त्याच्याभोवती गोल गोल पळत असतात, जंगल मागे पडतंय असं वाटावं म्हणून. हे दृश्य नसेल तर ती प्रत बंद करा आणि दुसरी शोधा.